विद्युत प्रणोदन प्रणालीचे अतितापन: तापमान चढण्याआधीच उपाय योजण्याची पद्धत

बहुतेक विद्युत वाहनांत, नौकांत आणि लहान विमानांत उष्णतेचे व्यवस्थापन एका साध्या नियमावर चालते. सेन्सरने ठरावीक तापमान दाखवले की पंखा व पंप वेगाने चालवायचे, आणि त्याहून वरचे तापमान दाखवले की मोटरची शक्ती कमी करायची. हा नियम चुकीचा नाही, पण तो उशिरा जागा होतो. वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरमधील तांब्याच्या वेटोळ्यांत, निर्माण झालेली उष्णता सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि पंखा सुरू केल्यानंतर त्याचा परिणाम वाइंडिंगपर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागतो. या दोन विलंबांच्या दरम्यान जी उष्णता साठते, तीच इन्सुलेशन, चुंबक आणि अर्धवाहक घटक यांचे आयुष्य कमी करते. म्हणून ज्या तापमानावर नियंत्रण ठेवायचे ते आत्ता दिसणारे तापमान नसून, सध्याचा भार चालू राहिला तर काही सेकंदांनी किंवा काही मिनिटांनी येणारे तापमान असले पाहिजे. ते आधी कसे ओळखावे आणि त्यावरून निर्णय कसे घ्यावेत, याची पद्धत पुढे क्रमाने मांडली आहे.

आधी प्रत्येक घटकाची मर्यादा आणि त्याचा वेग समजून घ्या

संपूर्ण प्रणालीसाठी एकच कमाल तापमान ठरवणे ही पहिली चूक असते, कारण प्रत्येक घटक वेगळ्या कारणाने निकामी होतो. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, वाइंडिंगमध्ये इन्सुलेशनचा वर्ग महत्त्वाचा असतो. एफ वर्गाची मर्यादा १५५ अंश सेल्सिअस आणि एच वर्गाची १८० अंश सेल्सिअस असते. ही मर्यादा ओलांडल्याबरोबर वाइंडिंग जळत नाही, पण ढोबळ नियमानुसार प्रत्येक १० अंश जादा तापमानामागे इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यामुळे येथे प्रश्न एका क्षणाचा नसतो. किती तापमानावर किती वेळ काढला, याचा हिशेब ठेवावा लागतो.

रोटरमधील, म्हणजे फिरणाऱ्या भागातील, निओडिमियम चुंबकांचे तसे नाही. त्यांच्या प्रतीनुसार वापराची मर्यादा साधारण ८० अंशांपासून २०० अंशांपर्यंत बदलते, आणि तापलेल्या चुंबकावर विरुद्ध दिशेचे तीव्र क्षेत्र आले तर काही चुंबकत्व कायमचे नष्ट होते. अशी हानी एकदाच घडली तरी थंड झाल्यावर ती भरून येत नाही. उच्च वेगावर चुंबकाचे क्षेत्र क्षीण करण्यासाठी जो विद्युत प्रवाह दिला जातो, तो नेमका चुंबकाच्या विरुद्ध दिशेने काम करतो. म्हणून चुंबकाची सुरक्षित मर्यादा एका आकड्यात मांडता येत नाही, ती तापमान आणि प्रवाह यांच्या जोडीने ठरवावी लागते.

इन्व्हर्टर बॅटरीचा एकदिश (डीसी) प्रवाह मोटरसाठी प्रत्यावर्ती करतो. त्यातील सिलिकॉन आयजीबीटीच्या, म्हणजे प्रवाह झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या अर्धवाहक स्विचच्या, जंक्शनचे (चिपमधील कार्यरत थराचे) कमाल तापमान बहुधा १५० ते १७५ अंश असते. त्याला कमाल तापमानाइतकाच तापमानाचा वारंवार होणारा चढउतारही घातक असतो, कारण चिप, सोल्डर आणि जोडतारा वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात व त्यांच्यातील सांधे थकतात. इन्व्हर्टरच्या डीसी बाजूला असलेल्या पॉलिप्रोपिलिन फिल्मच्या कपॅसिटरची मर्यादा साधारण १०५ अंश असते. तो अर्धवाहकांच्या शेजारीच बसवलेला असूनही तापमानाच्या यादीतून पुष्कळदा निसटतो.

या घटकांच्या तापण्याच्या वेगांत मोठा फरक आहे. जंक्शनचे तापमान मिलिसेकंदांत बदलू लागते, वाइंडिंगचे एक-दोन मिनिटांत, रोटरचे कित्येक मिनिटांत आणि बॅटरी पॅकचे त्याहूनही सावकाश. त्यामुळे प्रत्येक घटकासाठी किती पुढचा अंदाज हवा, हे त्याच्या वेगावरून ठरवावे. जंक्शनसाठी पुढचे एक-दोन सेकंद पुरेसे असतात, वाइंडिंगसाठी दोन-तीन मिनिटे लागतात, आणि बॅटरीसाठी पुढच्या अर्ध्या तासाचा विचार करणे योग्य ठरते.

नुकसानीचा तक्ता तयार करा

उष्णतेचा अंदाज करायचा तर ती किती निर्माण होते हे आधी कळायला हवे. येथे नुकसान म्हणजे उष्णतेच्या रूपात वाया जाणारी शक्ती. मोटरमधील तांब्याचे नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे बलाघूर्ण (टॉर्क) दुप्पट केले की नुकसान साधारण चौपट होते. लोहगाभ्यातील नुकसान मुख्यतः वारंवारतेवर, म्हणजे वेगावर अवलंबून असते. इन्व्हर्टरमधील नुकसानीचे दोन भाग असतात: प्रवाह वाहताना होणारे आणि स्विच उघडताना-मिटताना होणारे. बेंचवर वेग आणि बलाघूर्ण यांच्या जाळीवर मोजमाप करून प्रत्येक बिंदूवरील नुकसान वेगवेगळे नोंदवावे. केवळ एकूण कार्यक्षमतेचा नकाशा येथे पुरत नाही, कारण नुकसान तांब्यात झाले, लोखंडात झाले की चुंबकात झाले यावरून उष्णता कोणत्या वाटेने बाहेर पडणार हे ठरते.

तापमान वाढले की तांब्याचा विद्युत रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांवरील रोधाच्या तुलनेत १५० अंशांवरचा रोध जवळजवळ दीडपट असतो. थंड मोटरवर मोजलेला नुकसानीचा तक्ता तसाच वापरला, तर ज्या वेळी मोटर सर्वांत तापलेली असते नेमक्या त्याच वेळी उष्णतेचे गणिती मॉडेल कमी उष्णता दाखवते. ही दुरुस्ती मॉडेलमध्ये पहिल्या दिवसापासून असावी.

सेन्सर कोठे लावावेत आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवावा

मोटरमध्ये सेन्सर बसवायला सोयीची जागा म्हणजे वाइंडिंगचे बाहेर आलेले टोक. सर्वांत तापणारा बिंदू मात्र स्टेटरच्या खाचेच्या आत असू शकतो, किंवा टोकाच्याच अशा भागात असू शकतो जिथे कूलंटची (थंड करणाऱ्या द्रवाची) वाट पोहोचत नाही. मोठ्या भाराखाली सेन्सर आणि खरा तप्त बिंदू यांच्यात दहा-वीस अंशांचा फरक पडू शकतो. त्यामुळे नमुना मोटरमध्ये अनेक ठिकाणी थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या बारीक तारा) घालून तप्त बिंदू शोधावा, आणि उत्पादनातील मोटरमध्ये एक-दोनच सेन्सर ठेवून बाकीची ठिकाणे मॉडेलने अंदाजावीत.

फिरणाऱ्या रोटरवर सेन्सर लावणे अवघड असते, पण चुंबक स्वतःच आपले तापमान सांगतो. निओडिमियम चुंबकाचे क्षेत्र दर अंशाला साधारण ०.१२ टक्क्यांनी घटते, म्हणून ५० अंशांची वाढ झाली की चुंबकीय प्रवाह सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतो. मोटर फिरत असताना तिच्या विरोधी विद्युतदाबावरून, म्हणजे फिरत्या चुंबकांमुळे वाइंडिंगमध्ये निर्माण होणाऱ्या विद्युतदाबावरून, हा चुंबकीय प्रवाह काढता येतो. त्यात १ टक्क्याची चूक झाली तर तापमानात सुमारे ८ अंशांची चूक होते, याचे भान ठेवून हा अंदाज मॉडेलला आधार म्हणून वापरावा, एकमेव पुरावा म्हणून वापरू नये. मंद वेगावर विरोधी विद्युतदाबच कमी असतो, त्यामुळे तेथे हा मार्ग जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

सेन्सरची रोजची तपासणी अगदी साधी आहे, तरीही ती फार थोड्या प्रणालींत आढळते. वाहन रात्रभर उभे राहिल्यावर सर्व सेन्सरांचे तापमान जवळजवळ सारखे असायला हवे. सुरू होताना एखादा सेन्सर इतरांपेक्षा पाच-सहा अंशांनी वेगळे सांगत असेल, तर त्याची नोंद करून त्या प्रवासापुरते त्याच्या मोजमापाला कमी महत्त्व द्यावे.

उष्णतेचे साधे मॉडेल बांधा

पहिल्याच पावलावर अवघड गणिताची गरज नसते. प्रत्येक भागाला एक उष्णताधारिता द्यावी, म्हणजे तो भाग १ अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा. दोन भागांमध्ये एक औष्णिक रोध द्यावा, म्हणजे १ वॅट उष्णता वाहून नेण्यासाठी त्यांच्यात लागणारा तापमानाचा फरक. आत येणाऱ्या उष्णतेतून बाहेर जाणारी वजा केली आणि उरलेली उष्णताधारितेने भागली की तापमान किती वेगाने वाढते आहे हे मिळते. मोटरसाठी वाइंडिंग, स्टेटरचे लोखंड, रोटर, आवरण आणि कूलंट अशा पाच-सहा भागांचे जाळे बहुतेक कामांना पुरते.

एका उदाहरणातून हे स्पष्ट होईल. समजा वाइंडिंगमध्ये ६ किलो तांबे आहे. तांब्याची विशिष्ट उष्णता प्रति किलो प्रति अंश सुमारे ३८५ ज्यूल असल्याने त्याची उष्णताधारिता सुमारे २३१० ज्यूल प्रति अंश होते. वाइंडिंग आणि कूलंट यांमधील रोध ०.०४ अंश प्रति वॅट धरला, तर या दोहोंचा गुणाकार सुमारे ९२ सेकंद येतो, आणि तोच या भागाचा कालस्थिरांक, म्हणजे तापमानातील फरक ६३ टक्क्यांनी घटायला लागणारा वेळ. कूलंट ६० अंशांवर आहे, तप्त बिंदूची मर्यादा १६० अंश ठेवली आहे, आणि मोठ्या भारामुळे तांब्यात ४००० वॅट उष्णता निर्माण होत आहे. हा भार चालूच राहिला तर वाइंडिंग २२० अंशांकडे धाव घेईल. सुरुवातीला वाइंडिंग ९० अंशांवर असेल, तर मर्यादा गाठायला सुमारे ७१ सेकंद लागतील. १२० अंशांवर असेल, तर केवळ ४७ सेकंद.

मर्यादेपर्यंत उरलेला वेळ हीच या पद्धतीतील सर्वांत उपयोगाची राशी आहे, असे माझे ठाम मत आहे. ‘वाइंडिंग १२० अंशांवर आहे’ या माहितीवरून काही ठरवता येत नाही, कारण हलक्या भाराखाली १२० अंश निर्धोक असतात आणि पूर्ण भाराखाली तेच ४७ सेकंदांचे अंतर असते. याच मॉडेलवरून दुसरीही गोष्ट कळते: कायमस्वरूपी किती उष्णता सोसता येईल. वरील उदाहरणात ती १०० भागिले ०.०४, म्हणजे २५०० वॅट आहे. नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने प्रवाह मूळच्या सुमारे ७९ टक्क्यांवर आणला की तोच भार कितीही वेळ चालवता येतो. येथे सोप्या मांडणीसाठी तांब्याच्या विद्युत रोधातील वाढ धरलेली नाही. ती धरली की दोन्ही उत्तरे थोडी अधिक कडक होतात.

इन्व्हर्टरसाठी उत्पादकाच्या माहितीपत्रकातील क्षणिक औष्णिक रोधाचा आलेख वापरावा. तो बहुधा फॉस्टर जाळ्याच्या, म्हणजे रोध व धारिता यांच्या जोड्यांच्या गणिती साखळीच्या, स्वरूपात दिलेला असतो. या जाळ्यातील मधल्या गाठींना भौतिक अर्थ नसतो, म्हणून त्याच्या शेवटी हीट सिंकचे मॉडेल सरळ जोडणे चूक ठरते. जोडणी करायची असेल तर त्याचे कॉअर जाळ्यात, म्हणजे गाठी प्रत्यक्ष थरांशी जुळणाऱ्या जाळ्यात, रूपांतर करून घ्यावे. गणनेचा टप्पाही प्रत्येक भागाच्या वेगानुसार वेगळा ठेवावा: जंक्शनसाठी मिलिसेकंदांचा, वाइंडिंगसाठी दशांश सेकंदाचा, बॅटरीसाठी काही सेकंदांचा.

मॉडेलमधील आकडे मोजून काढा

रेखाचित्रांवरून काढलेले औष्णिक रोध फारसे भरवशाचे नसतात. खाचेतील व्हार्निश किती भरले, स्टेटर आवरणात किती घट्ट बसला, यावर ते अवलंबून असतात. म्हणून थांबलेल्या मोटरच्या वाइंडिंगमधून ज्ञात डीसी प्रवाह सोडून तिला तापवावे, तापमान स्थिर झाल्यावर आत जाणारी शक्ती आणि तापमानाचा फरक यांवरून रोध काढावा, आणि मग प्रवाह तोडून थंड होण्याचा आलेख नोंदवावा. तापमानातील फरक ६३ टक्क्यांनी घटायला लागलेला वेळ म्हणजे कालस्थिरांक. एकाहून अधिक भाग असल्याने आलेखात आधी वेगाने आणि नंतर सावकाश अशा दोन उतारांचे मिश्रण दिसते. ते वेगळे करून वाचावे. ही चाचणी पंप चालू ठेवून, अर्ध्या वेगावर आणि बंद ठेवून, अशी तीन वेळा करावी.

वाइंडिंगचे सरासरी तापमान तिच्या विद्युत रोधावरूनच मोजता येते. तांब्यासाठी गरम व थंड रोधांचे गुणोत्तर घेऊन त्याला २३५ अधिक थंड तापमानाने गुणावे आणि त्यातून २३५ वजा करावेत. २५ अंशांवर २० मिलिओहम असलेला रोध २८ मिलिओहम झाला, तर गुणोत्तर १.४ येते, २६० गुणिले १.४ म्हणजे ३६४, आणि २३५ वजा केल्यावर १२९ अंश. हे सरासरी तापमान आहे. तप्त बिंदू याहून वर असतो आणि तो किती वर आहे हे नमुना मोटरमधील थर्मोकपलांनीच ठरवावे.

मॉडेल आणि सेन्सर यांची सतत जुळवणी करा

कोणतेही मॉडेल काही मिनिटांनी वास्तवापासून सरकू लागते, आणि कोणताही सेन्सर थोडा मागे राहतो. दोघांना एकत्र आणण्यासाठी १९६० मध्ये अभियंते रुडॉल्फ काल्मान यांनी मांडलेला फिल्टर (अंदाज व मोजमाप एकत्र करणारी गणिती पद्धत) आजही सर्वोत्तम साधनांपैकी एक आहे. मॉडेलने सेन्सरच्या जागेचे तापमान भाकीत करायचे, मोजलेल्या तापमानाशी त्याची तुलना करायची, आणि जो फरक उरेल त्याच्या ठरावीक अंशाने मॉडेलमधील सर्व तापमाने सुधारायची. लहान कंट्रोलरवर पूर्ण फिल्टर परवडत नसेल तर आधीच काढून ठेवलेल्या स्थिर गुणांकांनीही पुष्कळ काम होते.

वाहन बंद असताना मॉडेल झोपलेले असते, ही बाब सहज विसरली जाते. पूर्ण भाराने चालवून दहा मिनिटे थांबवलेली मोटर पुन्हा सुरू करताना सर्व भाग बाहेरच्या हवेइतके थंड आहेत असे धरले, तर रोटरच्या तापमानात मोठी चूक होते, कारण रोटरची उष्णता हवेच्या फटीतून फार सावकाश निघते. बंद होताना सर्व अंदाजित तापमाने व घड्याळाची वेळ साठवावी, आणि पुन्हा सुरू होताना मधल्या काळातील थंड होणे हिशेबात घ्यावे.

पुढच्या भाराचा अंदाज

आतापर्यंतच्या पायऱ्यांनी सध्याची स्थिती नीट कळते. पुढे काय येणार हे कळण्यासाठी भाराचे भाकीत लागते. मार्ग ठाऊक असेल तर हे भाकीत पुष्कळ अचूक करता येते. २००० किलोचे वाहन ६ टक्के चढावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर केवळ चढासाठी सुमारे २० किलोवॅट, चाकांच्या घर्षणासाठी सुमारे ३ आणि हवेसाठी दीड-दोन, अशी मिळून सुमारे २५ किलोवॅट शक्ती लागते. प्रणालीची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर पावणेतीन किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागेल. नकाशातील उंची, वेगमर्यादा आणि वाहनाचे वजन यांवरून अशी गणना संपूर्ण मार्गासाठी काही क्षणांत होते. वजनाचा अंदाज प्रवेग आणि बलाघूर्ण यांवरून चालता चालता घ्यावा, कारण माल भरलेले आणि रिकामे वाहन यांच्या उष्णतेत मोठा फरक असतो.

मार्ग ठाऊक नसेल तेव्हा एकच भाकीत करण्यापेक्षा दोन करावीत: गेल्या काही मिनिटांसारखाच भार चालू राहील हे एक, आणि चालक पूर्ण शक्ती मागेल हे दुसरे. पहिल्यावरून शीतलन ठरवावे, दुसऱ्यावरून राखीव क्षमता तपासावी.

बाहेरच्या परिस्थितीपैकी हवेचे तापमान सर्वांच्या लक्षात असते, पण हवेची घनता विसरली जाते. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे तीन-चतुर्थांशच उरते, त्यामुळे त्याच पंख्याने रेडिएटरमधून कमी वस्तुमानाची हवा जाते. डोंगराळ रस्त्यांवर आणि विमानांत ही दुरुस्ती आवश्यक आहे.

आधी शीतलन, नंतर कपात

भाकितावरून निर्णय घेताना सर्वांत स्वस्त उपाय पहिला आणि चालकाला जाणवणारा उपाय शेवटचा, असा क्रम ठेवावा. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अर्ध्या वेगावर ती एक-अष्टमांश होते, म्हणून तितकीच हवा दुप्पट वेळ घेऊन अर्ध्या वेगाने फिरवली तर एक-चतुर्थांश ऊर्जा लागते. चढ येण्याच्या काही मिनिटे आधीपासून सावकाश शीतलन सुरू करणे हे चढावर पंखा पूर्ण वेगाने ओरडत ठेवण्यापेक्षा कमी खर्चाचे आणि शांतही असते.

आधीच्या उदाहरणात पूर्वशीतलनाने कूलंट ५० अंशांवर आणि वाइंडिंग १२० ऐवजी ११० अंशांवर आणले, तर पूर्ण भाराखाली मर्यादेपर्यंतचा वेळ ४७ सेकंदांवरून सुमारे ६४ सेकंदांवर जातो. कायम सोसता येणारी उष्णताही २५०० वरून २७५० वॅट होते. कूलंट मात्र गरजेपेक्षा थंड करत राहू नये. चढ येणारच नसेल तर ती ऊर्जा बॅटरीतून वाया जाते.

शीतलन पुरणार नाही असे दिसले की शक्ती कमी करावी, पण एका झटक्यात नव्हे. मर्यादेपर्यंतचा वेळ पुढच्या चढाला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी भरला की लगेच थोडी कपात सुरू करावी आणि ती इतक्या मंद गतीने वाढवावी की चालकाला झटका बसणार नाही. चार मिनिटांचा चढ ७९ टक्के प्रवाहाने शांतपणे चढणे, पहिले पाऊण मिनिट पूर्ण शक्ती देऊन मग अचानक ती काढून घेण्यापेक्षा केव्हाही चांगले. ओव्हरटेक करत असताना शक्ती गेली तर ते धोक्याचेच असते. कपात मागे घेताना थोडे अंतर ठेवावे, नाहीतर शक्ती वरखाली होत राहते. उरलेली क्षमता चालकाला पडद्यावर दाखवावी. उत्पादक जी ३० मिनिटांची कमाल शक्ती जाहीर करतात, ती आणि क्षणिक कमाल शक्ती यांतील फरक चालकाला प्रत्यक्ष समजतो तो येथेच.

बहुरोटर ड्रोनमध्ये जोर कमी करता येत नाही, कारण तो कमी केला की यंत्र खाली येते. विमानातही उड्डाणाच्या वेळी हीच स्थिती असते. अशा ठिकाणी संपूर्ण भाकीत उड्डाणापूर्वीच करावे आणि मर्यादा ओलांडली जाणार असेल तर वजन, चढण्याचा वेग किंवा मार्ग बदलावा. वाहनासाठी बनवलेले कपातीचे तर्क तेथे जसेच्या तसे नेऊ नयेत.

चढावर थांबलेल्या मोटरची स्वतंत्र काळजी

चालक चढावर ब्रेक न लावता, ॲक्सिलरेटर हलकेच दाबून वाहन जागच्या जागी धरून ठेवतो, तेव्हा शक्ती जवळजवळ शून्य असते आणि एकूण नुकसानही फारसे दिसत नाही. पण मोटर फिरत नसल्याने तिन्ही फेजमधील, म्हणजे वाइंडिंगच्या तीन स्वतंत्र गटांतील, प्रवाह बदलत नाहीत. दुर्दैवाने एखादी फेज नेमकी शिखरावर थांबली, तर तिच्यात फिरणाऱ्या मोटरच्या तुलनेत दुप्पट उष्णता निर्माण होते, आणि इन्व्हर्टरमध्येही त्याच फेजचे घटक एकटे तो भार वाहतात. सरासरी काढणारे मॉडेल या वेळी पूर्ण निश्चिंत असते. म्हणून प्रत्येक फेजसाठी आणि तिच्या प्रत्येक स्विचसाठी वेगळा हिशेब ठेवावा, तो रोटरच्या विद्युत कोनावरून चालवावा, आणि अशा स्थितीत वेळेची मर्यादा जवळ आली की यांत्रिक ब्रेक लावून मोटरवरील भार काढून घ्यावा. चाचणीत ही स्थिती रोटर वेगवेगळ्या कोनांवर अडकवून तपासावी.

बॅटरीसाठी लांबचा अंदाज

बॅटरीचे वस्तुमान मोठे असल्याने ती सावकाश तापते, आणि त्याच कारणाने सावकाश निवते. समजा पॅकचा अंतर्गत रोध ०.०८ ओहम असून ३०० अँपिअर प्रवाह वाहतो आहे. ७.२ किलोवॅट उष्णता निर्माण होईल. ४०० किलोच्या पॅकची उष्णताधारिता सुमारे ४०० किलोज्यूल प्रति अंश धरली तर शीतलनाविना तापमान दर मिनिटाला १ अंशाहून थोडे अधिक वाढेल, म्हणजे अर्ध्या तासाच्या वेगवान चार्जिंगमध्ये तीस अंशांच्या वर. मोटरचे वाइंडिंग एक-दोन मिनिटांत बरेच थंड करता येते, पण येथे ती सवलत नाही. म्हणून लांब चढानंतर चार्जिंग करायचे ठरले असेल, तर पॅक किती तापमानावर चार्जरपाशी पोहोचेल हे आधी काढून वाटेतच शीतलन सुरू करावे.

पॅकच्या सरासरीपेक्षा त्यातील सर्वांत तप्त सेल महत्त्वाचा असतो. सेलांमधील फरक ५ अंशांच्या आत राखण्याचा प्रयत्न करावा. सेलच्या आतील संरक्षक थर ८० ते १२० अंशांच्या दरम्यान विघटित होऊ लागतो आणि पॉलिइथिलिनचा विभाजक १३० अंशांच्या सुमारास वितळतो; त्यापुढे उष्णता स्वतःच उष्णता निर्माण करते. या टप्प्यावर भाकिताचा उपयोग उरत नाही. एखादा सेल त्याच प्रवाहाखाली शेजाऱ्यांपेक्षा सातत्याने अधिक तापताना दिसला, तर त्याची दखल तापमान सामान्य असतानाच घ्यावी.

बिघाड ओळखण्यासाठी तेच मॉडेल वापरा

पाणी आणि ग्लायकॉलचे समप्रमाणातील मिश्रण मिनिटाला १० लिटर वाहत असेल, तर ६ किलोवॅट उष्णतेने ते साधारण १० अंशांनी तापते. उष्णता तेवढीच असताना आत-बाहेरचा फरक २० अंश दिसू लागला, तर मिश्रणाचा प्रवाह निम्मा झाला आहे: पंप मंदावला, नळी दबली किंवा हवेचा बुडबुडा अडकला. प्रवाह मोजण्याचे वेगळे साधन नसतानाही हे कळते. मॉडेल आणि मोजमाप यांतील फरक काही आठवड्यांत हळूहळू एकाच दिशेने वाढत असेल, तर रेडिएटर चोंदणे किंवा औष्णिक पेस्ट वाळणे अशी कारणे तपासावीत. हा फरक नुसता गुणांक बदलून झाकून टाकणे घातक आहे. गुणांक सुधारावेत, पण मूळ मूल्यापासून ते किती दूर गेले याची नोंद ठेवावी आणि ठरावीक मर्यादेपलीकडे दुरुस्तीची सूचना द्यावी.

प्रशिक्षित न्यूरल नेटवर्कचा वापर करायचा असेल तर तो भौतिक मॉडेलची उरलेली चूक भरून काढण्यापुरता करावा आणि त्याच्या दुरुस्तीला वरची-खालची सीमा घालावी. प्रशिक्षणात जी परिस्थिती आलीच नाही, तिच्यात असे नेटवर्क आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देऊ शकते, आणि अतितापन बहुधा अशाच अनोळखी परिस्थितीत घडते.

चाचणी आणि अंतिम मर्यादा

मॉडेल ज्या नोंदींवर जुळवले त्यांच्यावरच तपासू नये. वेगळे मार्ग, वेगळे वजन, उष्ण व थंड हवा आणि लागोपाठच्या फेऱ्या अशा नव्या नोंदींवर भाकीत केलेले व मोजलेले तापमान ताडून पाहावे. चूक सरासरीने सांगू नये. सर्वांत वाईट प्रसंगात मॉडेलने तापमान किती अंशांनी कमी सांगितले, तो आकडा घ्यावा आणि तितक्या अंशांनी कार्यकारी मर्यादा खाली आणावी. मॉडेल सुधारून ही चूक १० अंशांवरून ४ अंशांवर आली, तर ६ अंशांची वापरण्याजोगी क्षमता एकही भाग न बदलता मिळते. चांगल्या मॉडेलवर घेतलेल्या श्रमांचा हा थेट मोबदला आहे.

चाचणीत बिघाड मुद्दाम घडवावेत. पंप चालत असताना बंद करावा, सेन्सरची तार काढावी, रेडिएटरचा अर्धा भाग झाकावा, नकाशाची माहिती तोडावी, आणि प्रत्येक वेळी प्रणाली अधिक सावध स्थितीकडे सरकते का ते पाहावे. या सर्वांखाली भाकितावर अवलंबून नसलेले, सरळ सेन्सरवर चालणारे संरक्षण कायम ठेवावे, आणि त्याची मर्यादा भाकिताच्या मर्यादेपेक्षा वर असावी. हे खालचे संरक्षण नेहमीच्या वापरात एकदाही जागे झाले, तर त्या प्रसंगाच्या आधीच्या दहा मिनिटांची संपूर्ण नोंद काढून भाकीत कोठे मागे पडले ते शोधावे.